मुक्त हालचाल : सकाळी अकरा ते अकरा वाजून चार मिनिटे

गुलामगिरी ही अत्यंत वाईट गोष्ट आहे, याबद्दल आता जगात कुठेच दुमत उरलेलं नाही. सगळे सज्जन लोक तिच्या विरोधात आहेत, आणि जे तितकेसे सज्जन नाहीत ते तर लेखी विरोधात आहेत. आमचा कारखाना यांपैकी कोणत्या गटात मोडतो हे ठरवण्याचं काम माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे फक्त ते लेखी उतरवून काढायचं काम होतं.

कारखाना म्हणजे शुभ्रधारा जिनिंग-प्रेसिंग. आर्णीच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून. शेतातला कापूस येतो, रेचे नावाच्या यंत्रांतून सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठी कुठे कुठे जाऊन त्यांचे सदरे होतात. मी वजनकाट्यावर बाबू आहे. माझं एम.ए. मराठीत झालं आहे. (मराठीत एम.ए. झालेला माणूस वजनकाट्यावर काय करतो, असं पुष्कळ लोक विचारतात. वजन करतो.)

हंगामात आमच्याकडे अडतीस बाया कामाला असतात. कापसातली कवडी, म्हणजे पिवळी पडलेली, किडकी बोंडं हातानं वेचून बाजूला काढायची, हे त्यांचं काम. राहायला आवारातच टिनाच्या खोल्या. आवाराला भिंत, भिंतीला गेट, गेटला कुलूप, कुलपाला चौकीदार. बाहेर जायचं तर मॅनेजर कपिलसाहेबांच्या सहीची चिठ्ठी. कपिलसाहेब सहीच्या बाबतीत फार काटेकोर असल्यामुळे चिठ्ठीची सवय कुणालाच लागली नव्हती. शिवाय प्रत्येकीचं आधारकार्ड कामाला लागतानाच घेऊन ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवलेलं असायचं. बाया भोळ्या असतात, कुठं तरी हरवतात, हे कारण. कार्ड हरवतात की बाया, याचा खुलासा कुणी मागितला नव्हता.

डिसेंबरात आमच्या गाठी घेणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. सोबत एक्केचाळीस पानी धोरण. विषय : कंपनीच्या कामगारांत व पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरीचा प्रतिबंध. शेठजींनी कपिलसाहेबांना आणि मला बोलावलं.

"आपल्याकडं गुलाम हायेत का?" शेठजींनी विचारलं.

"सर, सध्या स्टॉकमध्ये नाहीत," कपिलसाहेब म्हणाले. ते नागपूरहून एम.बी.ए. करून आलेले आहेत.

शेठजींनी मला पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. 'आधुनिक' या शब्दाशी आल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आधुनिक लिहिलं हाय ना? मंग कायची चिंता? आपले रेचे आजोबाच्या वेळचे. पंखे बापाच्या वेळचे. आपल्याकडं आधुनिक काहीच नाई." त्याप्रमाणे मी उत्तर पाठवलं, की आमच्याकडे आधुनिक असे काहीही नसल्याने सदर धोरण आम्हास लागू नाही.

आठ दिवसांत उलट टपाली कळलं की ते लागू आहे, आणि वीस जानेवारीला तपासणीसाठी पुण्याहून मैत्रेयी मॅडम नावाच्या अधिकारी येणार आहेत.

मग मात्र कारखाना कामाला लागला. मी एक्केचाळीस पानांचं मराठी केलं. ती सदतीस झाली. (चार पानं मासेमारीच्या आणि समुद्रातल्या जहाजांच्या बाबतीत होती. आर्णीत जहाजं कमी आहेत.) नंतर समिती नेमली. अध्यक्ष कपिलसाहेब. उपाध्यक्ष त्यांचे साडू, जे ट्रॅक्टर भाड्याने देतात आणि त्यामुळे साखळीचे जाणकार. सचिव मी. गेट या विषयातले तज्ज्ञ म्हणून चौकीदार. कामगार प्रतिनिधी म्हणून धुरपताबाईंची एकमताने निवड झाली, आणि फळ्यावर नाव लागल्यावर तिसऱ्या दिवशी ती त्यांना कळवण्यातही आली. तक्रारपेटी बसवली, ती कपिलसाहेबांच्या टेबलावर, म्हणजे तक्रार लिहिताना कुणी अडलं तर साहेबांना जागेवरूनच मदत करता यावी. महिनाअखेर आलेल्या तक्रारी शून्य, निकाली निघालेल्या शून्य. निकालाचं प्रमाण शंभर टक्के.

धोरणाचं जाहीर वाचन कापसाच्या गंजीजवळ झालं. मी वाचत होतो. बाया जमिनीवर बसल्या होत्या. धुरपताबाई पुढे. साठीच्या आसपासची बाई, नाकात मोरणी, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहायची वाईट खोड, कारण संपलं की ती हमखास विचारायची.

"कलम सात," मी वाचलं. "प्रत्येक कामगारास स्वतःच्या इच्छेनुसार काम सोडून जाण्याचा हक्क आहे."

"म्हंजे जाता येते?" धुरपताबाईंनी विचारलं.

"हक्क आहे," कपिलसाहेब म्हणाले.

"हक्क हाय थे समजलं, साहेब. जाता येते का?"

"येतं की. हंगाम संपल्यावर."

"हंगाम संपल्यावर तं तुमी सोताच हाकलता. त्याले कायचा हक्क लागते?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

कलम नऊ अवघड निघालं. कामगाराचं कोणतंही ओळखपत्र कंपनीने स्वतःच्या ताब्यात ठेवू नये, असं ते स्पष्ट म्हणत होतं. कपिलसाहेबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटच कामगारांना देऊन टाकलं. रीतसर ठराव झाला, अडतीस सह्या-अंगठे घेतले, कपाटावर लाल रंगात 'कामगारांचे कपाट' असं लिहून घेतलं. आता कार्डं कंपनीच्या कपाटात नव्हती. कामगारांची कार्डं कामगारांच्या कपाटात होती. चावी तेवढी कपिलसाहेबांच्या खिशात राहिली, कारण दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घेणं हा चांगल्या संस्थेचा धर्म आहे.

याच सुमारास जमनी ऑफिसात आली.

जमनी झरी जामणी तालुक्यातली. जंगलातल्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या लहान वस्तीवरची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, अंगानं काटक, आणि बोलणं इतकं कमी की हजेरीच्या वेळी मला दोनदा नाव पुकारावं लागायचं. आई लवकर गेली. धाकट्या बहिणीला, पुष्पाला, हिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. एवढं मला माहीत होतं, कारण पुष्पाचा फोन माझ्याच मोबाईलवर यायचा. मोठ्या बहिणीला ती 'बाई' म्हणायची. आदल्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "बाबूजी, माह्या बाईले सांगा, थे आल्याबिगर मी हळद लावून घेनार नाई. मांडव तसाच ठेवीन."

जमनी दाराशी उभी राहिली. "साहेब, मले गावाले जायचं हाय. बहिनीचं लगन हाय."

"कधी?" कपिलसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"एकवीस तारखेले."

"वीसला तपासणी आहे. तपासणी होईपर्यंत सगळ्यांच्या सुट्ट्या बंद."

"कायची तपासनी, साहेब?"

"इथं कोणाला जबरदस्तीनं ठेवून घेतलंय का, त्याची."

जमनीनं यावर विचार केला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती खरोखरच विचार करत होती. "मंग तपासनी झाल्यावर जाऊ? त्याच दिवशी?"

"तयारीत आठ दिवसांचं काम मागे पडलंय. ते कोण करणार?"

"मंग माहं कार्ड द्या. मी काम सोडते."

"कार्ड कपाटात आहे. कपाट कामगारांचं आहे," कपिलसाहेब शांतपणे म्हणाले. "एकट्या कामगाराच्या सांगण्यावरून ते मी कसं उघडू? उद्या बाकीच्या म्हणतील, आमचं कपाट आम्हाला न विचारता उघडलं."

जमनी गेली. कार्डाशिवाय पळून जाणं अशक्य नव्हतं. पण रेशनाच्या दुकानापासून सरकारी दवाखान्यापर्यंत कार्डाशिवाय माणसाला माणसात धरत नाहीत, हे पोडावर राहणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. खिडकीतून मला दिसलं, ती गंजीपाशी गेली, खाली बसली आणि पुन्हा कवडी वेचू लागली. हात तेवढ्याच वेगानं चालत होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (आम्लपित्ताचा त्रास मला पूर्वीपासून आहे.)

खबरदारी म्हणून त्याच संध्याकाळी गेटला दुसरं कुलूप लागलं. तपासणीच्या दिवशी बाया कमी भरल्या तर मॅडमना संशय येईल, की कुणी पळून गेलं की काय. आणि जिथून माणसं पळून जातात तिथं काहीतरी गुलामगिरी असणार, असं धोरणाच्या पान अकरावर लिहिलेलं होतं. सबब, गुलामगिरी नाही हे सिद्ध होईपर्यंत कुणालाही बाहेर सोडायचं नाही, असं ठरलं.

पण धोरणाला नुसती हजेरी पुरत नव्हती. कामगार ये-जा करायला मोकळे आहेत, हे प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आता आमच्या बायांना ये-जा करण्याचा अजिबात अनुभव नव्हता. ऐन वेळी घोटाळा नको, म्हणून समितीने सराव सुरू केला. रोज सकाळी अकरा ते अकरा वाजून चार मिनिटे : मुक्त हालचाल. चौकीदार शिटी वाजवील, दोन्ही कुलपं उघडतील, बाया गेटबाहेर पडतील, साठ पावलांवरच्या निंबापर्यंत जातील आणि परत येतील. निंबाखाली चुन्यानं रेघ मारली. रेघेच्या अलीकडे सर्वत्र स्वातंत्र्य होतं.

पहिल्या दिवशी शिटी वाजली, गेट उघडलं, आणि कुणी हललंच नाही. बायांना वाटलं, बाहेर काहीतरी भयंकर असणार. अखेर मुक्त हालचाल करवून घेण्यासाठी चौकीदाराला थोडी जबरदस्ती करावी लागली. तोही बिचारा गोंधळला होता. अकरा वर्षं त्यानं बायांना आत ढकलण्याचंच काम केलं होतं, बाहेर ढकलताना त्याचा हात नीट बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं लागली, कारण तिघी जणी नुसत्याच रस्त्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी दोघींनी कुंपणाची बोरं खुडून आणली. चौथ्या दिवशी कुणी तरी गाणं म्हटलं. हंगामात त्या आवारात गाणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि सचिव या नात्याने ते 'इतर' या सदरात नोंदवलं. पाचव्या दिवसापासून बाया पावणेअकरापासूनच गेटकडे माना करून बसू लागल्या. कवडी वेचण्यात चुका वाढल्या. स्वातंत्र्याची हीच अडचण आहे. थोडं दिलं की लोकांना त्याची चटक लागते.

सहाव्या दिवशी धुरपताबाई रेघेवर पायाचा अंगठा टेकवून उभ्या राहिल्या. मी घड्याळ घेऊन शेजारीच होतो.

"बाबूजी, रेघेच्या पल्याड काय हाय?"

"रस्ता आहे."

"थो कुठं जाते?"

"घाटंजीवरून पांढरकवड्याला. तिथून झरीकडे दुसरी गाडी मिळते."

"आन इथून बस हाय का?"

"अकरा दहाची आहे. हात दाखवला तर थांबते." थोडं थांबून मी म्हणालो, "असं महामंडळाचं म्हणणं आहे."

सार्वजनिक वाहतुकीची माहिती देणं हे सुजाण नागरिकाचं कर्तव्य आहे. जमनी माझ्या मागंच उभी होती, हे मला वळल्यावर कळलं. म्हणजे, असं मी समितीला सांगितलं.

तपासणीच्या दिवसाचं वेळापत्रक सचिव म्हणून मीच केलं. दहा पन्नास : कार्डं आपापल्याच ताब्यात असतात हे दाखवण्यासाठी प्रत्येकीला कार्ड वाटणे. अकरा : मॅडमसमोर मुक्त हालचाल. अकरा पंधरा : कार्डं परत गोळा करणे. कपिलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि 'उत्तम' असं लिहून खाली सही केली. त्या वेळापत्रकात काही चूक होती, असं मला आजही वाटत नाही.

वीस तारखेला मैत्रेयी मॅडम आल्या. तिशीच्या, सुती कुडता, पायात साधी चप्पल. नारळ आणि शाल त्यांनी घेतली नाही, चहा घेतला. बायांना कपिलसाहेबांनी आदल्या दिवशी एकच सूचना दिली होती, की मॅडम काहीही विचारोत, उत्तर 'हो' द्यायचं.

"तुम्ही इथं स्वतःच्या मर्जीनं काम करता?" मॅडमनी पहिलीला विचारलं.

"हो."

"वेळेवर जेवण, आराम मिळतो?"

"हो."

"कुणी मारतं, धमकावतं?"

"हो."

कपिलसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली. मॅडमनी वहीत काही लिहिलं आणि शांतपणे पुढच्या बाईकडे गेल्या. तिथंही तिन्ही उत्तरं 'हो' आली. सहाव्या बाईनंतर त्यांनी वही मिटली. "विचारण्यापेक्षा आपण पाहू या का? ये-जा मोकळी आहे असं तुमच्या अहवालात लिहिलंय. आत्ता दाखवता येईल?"

"का नाही, मॅडम!" कपिलसाहेब म्हणाले. घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. सराव म्हणतात तो हा.

शिटी वाजली. गेट उघडलं. अडतीस बाया, प्रत्येकीच्या हातात आपापलं कार्ड, रांगेनं बाहेर पडल्या. पुढे धुरपताबाई, मागून तिसरी जमनी. निंब आला. चुन्याची रेघ आली. धुरपताबाई जराही थांबल्या नाहीत. रेघ ओलांडताना त्यांनी लुगडं थोडं वर धरलं, ओढा ओलांडावा तसं. त्यांच्यामागून सगळ्या.

"बाबूजी, थांबवा त्यांना," कपिलसाहेब ओठ न हलवता म्हणाले. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना हसतमुख राहणं भाग होतं.

"थांबवलं तर कलम सातचा भंग होईल, साहेब," मी तितक्याच हळू म्हणालो. "तरी पाहतो."

मी धावत गेलो. पन्नाशीच्या माणसानं, पोटात आम्लपित्त असताना धावावं तितका. रस्त्याच्या कडेला बाया उभ्या होत्या. जमनीनं कार्ड मुठीत घट्ट धरलं होतं. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बाबूजी, मी जाऊन राह्यली."

तीन महिन्यांत तिचं प्रत्येक वाक्य काहीतरी मागण्यासाठी आलं होतं. हे पहिलं वाक्य असं होतं की त्यात काहीच मागितलेलं नव्हतं. "सावकाश जा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. मराठीत एम.ए. असून.

"आन आमी बी," धुरपताबाई म्हणाल्या. "लग्नाचं आवतन हाय आमाले."

"सगळ्यांना?"

"तिनं कोनाकोनाले द्यावं, थे तिची मर्जी. कलमात हाय ना मर्जी?"

लांबून लाल गाडी दिसली. अडतीस हात वर झाले. (गाडी थांबली. ही या संपूर्ण कथेतली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट आहे, याची मला कल्पना आहे. पण ती थांबली.) कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "अरे बाप्पा! मोर्चा हाय का वऱ्हाड?" आतून कुणी तरी ओरडलं, "वऱ्हाड!" आणि एकेक करून बाया चढल्या. शेवटी धुरपताबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "बाबूजी, परत कवा येनार थे लिवायचं असंल ना तुमाले? लिवा, मर्जी आली म्हंजे." गाडी गेली. धूळ उडाली आणि थोड्या वेळानं खाली बसली.

मी परत आलो तेव्हा कपिलसाहेब अजून हसत होते. हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मागं रेचे रिकामे फिरून बंद झाले, आणि आवारात अशी शांतता पसरली की भिंतीवरची चिमणी ऐकू यावी.

"त्या परत कधी येतील?" मॅडमनी विचारलं.

कपिलसाहेब म्हणाले, "मॅडम, ज्याची-त्याची मर्जी." आर्णी परिसरातल्या जिनिंगच्या इतिहासात मॅनेजरच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला असावा.

मॅडमनी तो लिहून घेतला. जाताना त्या निंबाजवळ थांबल्या. "ही चुन्याची रेघ कशासाठी?"

"रांगोळी आहे, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी गेटच्या दोन कुलपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "छान काढलीय. पुन्हा काढू नका." त्या पुढं म्हणाल्या, "मी महिन्यानं परत येईन. न कळवता."

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मला जीपमध्ये घातलं. बायांना समजावून परत आणायचं. पांढरकवडा मागं टाकलं, डांबर संपलं, सागाची झाडं सुरू झाली, आणि एका टेकाडामागं तो पोड लागला. वीस-पंचवीस घरं, मध्ये हिरव्या डहाळ्यांचा मांडव. ढोल वाजत होते. जमनी पुष्पाला हळद लावत होती. कपाळाला, गालाला, हाताला, पुन्हा कपाळाला. संपूच नये असं तिला वाटत असावं. पुष्पा रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही बहिणी इतक्या पिवळ्या झाल्या होत्या की नवरी कोणती हे मला विचारावं लागलं. मला कुणी 'कायले आले' म्हणून विचारलं नाही. पानावर भात वाढला. नंतर ढेमसा सुरू झाला, गोल करून एकमेकांचे हात धरून नाचतात तो. आमच्या अडतीस बाया त्यात होत्या. धुरपताबाईंनी मला ओढलं. मी दोन फेऱ्या नाचलो. (अहवालात : 'संवादाचं वातावरण तयार केलं'.)

दुपारी मांडवातच बैठक झाली. धुरपताबाईंनी सांगितलं आणि मी माझ्याजवळच्या धोरणाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. कार्ड ज्याचं त्याच्यापाशी. गेटाले कुलूप नाई, कडी आतून. आणि सुट्टी मागनार नाई, सांगू. "बस?" मी विचारलं. सदतीस पानांच्या तुलनेत ते फारच थोडं वाटत होतं. "बस," त्या म्हणाल्या. "तुमी उगाच लांबवता."

मोबाईलला रेंज यावी म्हणून मी टेकाडावर चढलो आणि शेठजींना वाचून दाखवलं. ते चिडतील असं वाटलं होतं. पण मॅडमचा प्राथमिक अहवाल त्याच सकाळी आला होता : 'कामगारांच्या मुक्त हालचालीचे असे प्रात्यक्षिक आजवर पाहण्यात आले नाही. महिन्याभराने पुनर्तपासणी.' परदेशी कंपनीनं अभिनंदन कळवलं होतं, आणि सोबत गाठी कधी मिळतील तेही विचारलं होतं. शेठजी म्हणाले, "कडी आतून लावली तं काई बिघडते का?"

"काही नाही, शेठजी."

"मंग इतके दिवस बाहेरून कायले लावली होती?"

तो प्रश्न मी 'इतर' या सदरात नोंदवला.

आठवड्यात एकतीस बाया परतल्या, आपल्या पायांनी. सात आल्या नाहीत. जमनी त्या सातजणींतली. तिनं पुष्पाचं घर मांडून दिलं, मग वडिलांच्या कोरडवाहू तुकड्यात तीळ पेरायचं बोलत होती. रजिस्टरात 'काम सोडण्याचे कारण' असा रकाना आहे. तिथं मी 'मर्जी' लिहिलं. त्या रजिस्टरात हा शब्द आधी कधी लिहिलेला नव्हता. त्यामुळे शुद्धलेखन तपासून घेतलं. पुष्पाचा फोन अजून येतो. आता ती नुसती ख्यालीखुशाली विचारते, आणि मागं जमनी मोठ्यानं काही तरी सांगत असते.

इथं ही हकीकत आनंदानं संपायला हरकत नव्हती. पण धोरणं माणसांसारखी थांबत नाहीत. यंदा व्याप्ती वाढली. साखळीतल्या सर्व कर्मचाऱ्यांची घरंही त्यात आली. फॉर्म एक पानी आहे, फक्त चार प्रश्न. घरी भांडी-धुणं करायला येणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव. त्यांच्यासाठी चहाचा कप कोणता आणि तो कुठे ठेवला आहे. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. त्या शेवटच्या वेळी न सांगता आल्या नाहीत, तेव्हा घरात काय बोललं गेलं, ते शब्दशः.

मी पेन उघडून बसलो. "अहो, बसंतीबाई लिहा ना," सौ. म्हणाली.

"पूर्ण नाव हवंय."

ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. नऊ वर्षं रोज सकाळी आठला त्या येतात. शेवटी मी मागच्या दारी जाऊन विचारलं, "बसंतीबाई, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

त्यांच्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं. साबणाचे हात त्यांनी पदराला पुसले आणि उभ्या राहिल्या. "काहून, बाबूजी? काई चोरीले गेलं काय?"

तो फॉर्म मी नंतर, कुणी सांगितलं नसताना, गावातल्या साठ सुशिक्षित घरांत वाटला. सगळी चांगली माणसं. पहिल्या प्रश्नाला चौपन्न जणांनी 'ती आमच्या घरच्यासारखीच आहे' असं लिहिलं. दुसऱ्याला एकोणपन्नास जणांनी 'खिडकीत'. तिसरा प्रश्न बहुतेकांना समजला नाही. चौथा सगळ्यांनी कोरा सोडला.

फॉर्म बरेच उरलेत. एक तुमच्यासाठी बाजूला ठेवला आहे. फक्त एक विनंती. पहिल्याच प्रश्नाला अडलात, तर लगेच उठून स्वयंपाकघरात जाऊन विचारू नका. त्या घाबरतील.